फ्रेझल व्हर्ब्ज पाठ होत नाहीत, मग बसतात कशी?

मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेली माणसं इंग्रजी पक्कं करायला बसतात, तेव्हा बहुतेकांकडे फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे साध्या धातूला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असं शेपूट लागून बनलेल्या क्रियापदांची, एक यादी आधीपासून असते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून उतरवलेली, नाहीतर फोनवर कुणीतरी पुढे पाठवलेली. डावीकडे ‘गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट बाय’, उजवीकडे एकेका शब्दात मराठी अर्थ. ‘गेट’ संपलं की ‘गिव्ह’, मग ‘गो’, ‘लुक’, ‘पुट’. शिकवताना आम्ही पहिलं काम करतो ते ही यादी बाजूला ठेवण्याचं.

कारण साधं आहे. दिसायला आणि ऐकायला सारखे शब्द एकाच बैठकीत शिकले की ते एकमेकांत मिसळतात. ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’, ‘पुट अप’, ‘पुट डाउन’ एका पानावर पाठ केलेत असं समजू. आठवड्याने चारही शब्द आठवतात, चारही अर्थ आठवतात – पुढे ढकलणे, विझवणे, उभारणे, खाली ठेवणे – पण कुणाची जोडी कुणाशी, ते सुटलेलं असतं. ‘पुट’ चौघांत सामाईक, त्यामुळे ओळख पटवायला त्याचा काहीच उपयोग नाही. सगळा भार ‘ऑफ’, ‘आउट’ अशा चिमुकल्या शब्दांवर येतो, आणि नेमके तेच आपण कधी नीट पाहिलेले नसतात.

यादीची दुसरी खोड म्हणजे एका शब्दापुढे एकच अर्थ. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ साली ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा १० कोटी शब्दांचा साठा तपासला. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या १०० फ्रेझल व्हर्ब्जनी एकूण वापराचा निम्म्याहून मोठा वाटा उचललेला दिसला. पण कोशाप्रमाणे त्या शंभरांचे अर्थ भरले ५५९. म्हणजे एकेकाला सरासरी साडेपाचाहून जास्त. ऐकून धाबं दणाणतं, म्हणून लगेच दुसरा आकडा सांगावा लागतो. गार्नियर आणि श्मिट यांनी २०१५ साली १५० नेहमीची फ्रेझल व्हर्ब्ज घेऊन त्यांचे खरोखर चलनात असलेले अर्थ तेवढे वेगळे काढले. ते निघाले २८८, एकेकाला जेमतेम दोन. कामाला पुरेल असा हाच आवाका. पहिल्या वर्षी त्याहून मोठ्या पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या दोन्ही पाहण्यांत अगदी वरच्या जागी असलेलं ‘गो ऑन’ घ्या. ‘व्हॉट्स गोइंग ऑन?’ म्हणजे ‘काय चाललंय?’. ‘गो ऑन, आय अ‍ॅम लिसनिंग’ म्हणजे ‘हं, बोल पुढे’. ‘द मीटिंग वेंट ऑन टिल नाइन’ म्हणजे ‘मीटिंग नऊपर्यंत लांबली’. यादीत यापुढे ‘चालू राहणे’ एवढंच छापलेलं असतं. ते चूक नाही, पण तेवढ्या भांडवलावर ‘काय चाललंय?’ हा प्रश्न कुणाच्या तोंडी ‘गो ऑन’ने येत नाही.

यादी बाजूला ठेवली की वही काढायची. एका नोंदीला तीन ओळी. पहिल्या ओळीत एक पूर्ण इंग्रजी वाक्य, आपण स्वतः घरी किंवा ऑफिसात बोलू शकू असं. दुसऱ्या ओळीत त्याच प्रसंगी आपण मराठीत जे बोललो असतो ते पूर्ण वाक्य. इथे सुटा अर्थ लिहायला बंदी. तिसऱ्या ओळीत ते क्रियापद कशाकशाबरोबर चालतं आणि कशाबरोबर चालत नाही. एका आठवड्यात एका धातूची एकच नोंद: आज ‘पुट ऑफ’ लिहिलं तर ‘पुट’चं दुसरं भावंड त्या आठवड्यात वहीत शिरता कामा नये. आठवड्याला सहा-सात नोंदी पुष्कळ झाल्या.

तिसरी ओळ सगळ्यांना नकोशी वाटते, आणि खरा फरक तिनेच पडतो. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, हे बरोबर. पण ‘कॉल ऑफ’ होतं ते मॅच, संप, लग्न, मीटिंग, शोधमोहीम यांचं. बरीच माणसं मिळून जे ठरवतात किंवा चालवतात त्याचं. रेल्वेचं तिकीट किंवा ऑनलाइन मागवलेली वस्तू ‘कॉल ऑफ’ करत नाहीत, तिथे ‘कॅन्सल’च. ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणे, पण ते ऑफर, प्रस्ताव, अर्ज, कर्जाची मागणी यांच्यापुरतं. आरोप नाकारायचा तर ‘डिनाय’. ‘कॅरी आउट’ म्हणजे पार पाडणे, तेव्हा सर्व्हे, दुरुस्ती, हुकूम, धमकी हे सगळं त्याच्याबरोबर बसतं; मुलाचा गृहपाठ बसत नाही. ‘फॉर्म भरणे’ आणि ‘टाकी भरणे’ यांना मराठीत एकच भरणे आहे, म्हणून आपल्याकडे सर्रास ‘फिल अप द फॉर्म’ म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत फॉर्म ‘फिल इन’ करतात, अमेरिकन पद्धतीत ‘फिल आउट’, आणि ‘फिल अप’ होते ती पेट्रोलची टाकी.

दुसऱ्या ओळीचं महत्त्व मात्र मराठी माणसासाठी वेगळंच आहे. इंग्रजी जे काम धातूमागे ‘अप’, ‘आउट’, ‘डाउन’ लावून करतं, त्यातलं बरंचसं मराठी दुसरं क्रियापद जोडून करते. लिहिणे एकच, पण लिहून ठेवणे, लिहून घेणे, लिहून काढणे आणि लिहून देणे यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. आता शेजारी इंग्रजी ठेवा. विसरू नये म्हणून लिहून ठेवलं की ‘राइट डाउन’. समोरचा सांगतोय आणि आपण लिहून घेतोय, तर ‘टेक डाउन’. टिपणांवरून मीटिंगचा वृत्तान्त नीट लिहून काढला, तर ‘राइट अप’. लिहून देणे याला मात्र फ्रेझल व्हर्ब लागत नाही, ‘गिव्ह इट इन रायटिंग’ म्हटलं की भागतं.

ही खाण मोठी आहे. देऊन टाकणे म्हणजे ‘गिव्ह अवे’. घालून बघणे म्हणजे ‘ट्राय ऑन’, वापरून बघणे म्हणजे ‘ट्राय आउट’. दोन्हीकडे मराठीत बघणे आलं म्हणून इंग्रजीत ‘सी’ शोधत बसायचं नाही. माहिती शोधून काढली तर ‘फाइंड आउट’, पळालेला माणूस शोधून काढला तर ‘ट्रॅक डाउन’. अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला, तर ‘रीड थ्रू’. नकोसं काम एकदाचं उरकून टाकायचं, तर ‘गेट इट ओव्हर विथ’. ‘तो खोटारडा निघाला’ यातलं निघणे म्हणजे हुबेहूब ‘टर्न आउट’: ‘ही टर्न्ड आउट टू बी अ लायर’. ‘साहेब अकराला उगवले’ यातलं उगवणे म्हणजे ‘टर्न अप’, थोड्या नाराजीसकट. आणि ‘मी हो म्हणून बसलो’ यातलं बसणे, म्हणजे मनात नसताना होऊन गेलेली गोष्ट, इंग्रजीत ‘एंड अप’ने येतं: ‘आय एंडेड अप सेइंग येस’. ‘एंड अप’च्या मागे ‘आयएनजी’वालं रूप लागतं, ‘एंडेड अप टू से’ होत नाही.

पूर्ण मराठी वाक्य लिहायला लावलं की काही जुने घोळ आपोआप सुटतात. ‘माय मदर ग्रू मी अप’ हे वाक्य चांगल्या शिकलेल्यांकडूनही ऐकू येतं. ‘वाढवणे’ आणि ‘वाढणे’ असे सुटे शब्द लिहिले की ते एकमेकांत मिसळतात. पण ‘आईने मला लहानाचं मोठं केलं’ आणि ‘मी साताऱ्यात लहानाचा मोठा झालो’ ही वाक्यं कुणी मिसळत नाही. पहिल्याला ‘ब्रिंग अप’, दुसऱ्याला ‘ग्रो अप’. ‘वेक अप’ आणि ‘गेट अप’ यांचंही तेच. जाग पाचला आली आणि उठलो सहाला, हा फरक इंग्रजी बोलतानाही तितकाच पाळतात. ‘ब्रिंग अप’चा दुसरा नेहमीचा अर्थ, विषय काढणे, वेगळ्या पानावर घ्यावा: ‘डोन्ट ब्रिंग अप मनी नाउ’, म्हणजे ‘आत्ता पैशांचा विषय काढू नकोस’.

एक इशारा मात्र द्यावाच लागतो. हे बोट धरून मराठीतून इंग्रजीत दरवेळी जाता येत नाही. विसरून जाणे याला ‘फर्गेट’च्या मागे काहीही लागत नाही. मारून टाकणे म्हणजे साधं ‘किल’. ‘किल ऑफ’ म्हटलं तर अख्खी जमात किंवा पीक हळूहळू नाहीसं करणं, असा अर्थ होतो. म्हणून नोंद नेहमी ऐकलेल्या किंवा वाचलेल्या इंग्रजी वाक्यावरून सुरू करायची आणि त्याला मराठी जोड शोधायची. मराठी वाक्य घेऊन त्याला मनानेच ‘अप’ किंवा ‘आउट’ चिकटवणारे हमखास घसरतात.

साठ-सत्तर नोंदी झाल्या की वही एकदा शेपटांनुसार चाळावी. धातू झाकून फक्त ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ बघत. आधी हे केलं तर नुसतं तत्त्वज्ञान होतं, नंतर केलं तर फायदा होतो. ‘अप’मध्ये पुरं करण्याचा भाव पुन्हा पुन्हा दिसेल: ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘क्लीन अप’. ‘डाउन’मध्ये कमी होणं, जसं ‘स्लो डाउन’, ‘काम डाउन’. किंवा थांबणं, जसं ‘शट डाउन’, ‘क्लोज डाउन’. ‘ऑन’मध्ये थांबायचं नाही: ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’. ‘ओव्हर’मध्ये विचार घोळवणं: ‘थिंक ओव्हर’, ‘टॉक ओव्हर’. ‘आउट’मध्ये संपणं किंवा उघड होणं: ‘रन आउट’, ‘सेल आउट’, ‘फाइंड आउट’.

‘ऑफ’ सगळ्यांत खट्याळ. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले, आणि ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला. एकात बंद, एकात सुरू! ब्रिटिश बोलीत ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं. नेहमीच्या स्थितीतून सुटणं असा धागा तिन्हीत धरता येतो. पण तो धागा आठवण ठेवायला उपयोगी, अर्थ ओळखायला नाही. नवीन फ्रेझल व्हर्ब दिसलं आणि शेपटावरून अर्थ बांधला की निम्म्या वेळा फसगत होणार हे धरून चालावं. कोश उघडावा.

कोश उघडताना काय बघायचं हेही ठाऊक हवं, कारण इथूनच कर्माच्या जागेचा प्रश्न सुरू होतो. लाँगमन आणि ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत काही नोंदींमध्ये दोन्ही टोकांना बाण असलेली एक खूण असते. तिचा अर्थ, कर्म मध्येही येईल आणि शेवटीही. ‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर, ‘टर्न द फॅन ऑफ’ही बरोबर. पण फॅनऐवजी ‘इट’ आलं की निवड संपली: ‘टर्न इट ऑफ’ एवढंच. ‘टर्न ऑफ इट’ कुणीही इंग्रज म्हणत नाही. ‘पिक मी अप’, ‘थिंक इट ओव्हर’, ‘फिल इट इन’ सगळीकडे हाच नियम. उलट कर्म लांबलचक असेल, समजा ‘मागच्या खोलीतले सगळे दिवे’, तर ते शेवटी टाकणंच बरं. मधे घातलं तर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो.

ज्या नोंदीत बाण नाही तिथे कर्म बहुधा शेवटीच राहतं. ‘लुक आफ्टर देम’, ‘लुक इंटू इट’, ‘रन इंटू हिम’. दोन गटांत भेद असा: ‘टर्न ऑफ’मधलं ‘ऑफ’ क्रियापदाच्या बाजूचं आहे, तर ‘लुक आफ्टर’मधलं ‘आफ्टर’ पुढच्या नामाला धरून आहे. ओळखायची युक्ती म्हणजे मधे एक क्रियाविशेषण सरकवून पाहायचं. ‘दे लुक्ड केअरफुली इंटू द मॅटर’ चालतं. ‘ही टर्न्ड क्विकली ऑफ द लाइट’ चालत नाही. आपल्याकडे शब्दयोगी अव्यय नामाच्या नंतर लागतं, इंग्रजीत ते नामाच्या आधी उभं असतं. त्यामुळे या बाबतीत मराठी कान मदतीला येत नाही. ‘इट’ घालून वाक्य मोठ्याने म्हणत राहणं, हाच उपाय. वहीत पहिल्या ओळीखाली तेच वाक्य ‘इट’ किंवा ‘देम’ घालून पुन्हा लिहायची सवय लावली की हा रोग लवकर बरा होतो.

तीन तुकड्यांची क्रियापदं सहसा फोडत नाहीत: ‘पुट अप विथ इट’, ‘रन आउट ऑफ इट’, ‘कम अप विथ इट’. याला काही अपवाद आहेत आणि ते रोजच्या वापरातले आहेत. साहेबांवरचा राग घरच्यांवर काढणे याला ‘ही टेक्स इट आउट ऑन हिज फॅमिली’ म्हणतात, तिथे ‘इट’ मधेच बसतं.

कर्माची जागा बदलली की अर्थच फिरतो अशाही जोड्या आहेत. ‘सी इट थ्रू’ म्हणजे काम तडीस नेणे. ‘सी थ्रू इट’ म्हणजे समोरच्याचा डाव ओळखणे. ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे धक्क्यातून सावरणे, आणि ‘गेट इट ओव्हर विथ’ वर आलंच आहे. परीक्षेत यांवर प्रश्न येवोत न येवोत, ईमेलमध्ये यांतलं एक उलटं पडलं तर वाचणाऱ्याचा पुरता गोंधळ होतो.

कर्मच नसलेल्यांची भानगड वेगळी. ‘अवर बस ब्रोक डाउन निअर खोपोली’ एवढं म्हणायचं असतं, पण भूतकाळ आला की ‘वॉज’ घालायची सवय हाताला असते आणि ‘द बस वॉज ब्रेकडाउन’ असं काहीतरी बाहेर पडतं. बस आपली आपण बंद पडते, तिला कुणी बंद पाडत नाही, म्हणून कर्मणी रचना तिथे शिरायलाच नको. आग लागली, दंगल उसळली, साथ आली, या सगळ्यांना ‘ब्रोक आउट’. ‘वॉज ब्रोकन आउट’ नाही. साखर संपली हे सांगायला इंग्रजीत दोन वाटा आहेत: साखर कर्ता असेल तर ‘द शुगर हॅज रन आउट’, आपण कर्ता असू तर ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’. मराठीत साखर हीच कर्ता असल्याने दोन्हींची खिचडी होऊन ‘शुगर हॅज रन आउट ऑफ’ असं अर्धवट वाक्य तयार होतं. दोन्ही वाक्यं वहीत शेजारी-शेजारी लिहिलेली बरी.

‘लुक फॉरवर्ड टू’वर थोडं थांबायला हवं, कारण नोकरीच्या अर्जापासून ग्राहकाच्या ईमेलपर्यंत ते रोज लिहिलं जातं आणि रोज चुकतं. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ चूक, ‘टू मीटिंग यू’ बरोबर. शाळेत ‘टू’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप, हे इतकं घोटून घेतलेलं असतं की ‘मीटिंग’ लिहिताना हात अडतो. पण इथलं ‘टू’ ‘टू गो’, ‘टू ईट’मधलं नाही, ते ‘कडे’ या अर्थाचं आहे आणि त्याच्या पुढे नाम लागतं. पडताळा सोपा: ‘टू’च्या पुढे ‘इट’ ठेवून वाक्य पुरं होतं का बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ पुरं होतं, म्हणून ‘आयएनजी’. ‘आय वॉन्ट टू इट’ होत नाही, म्हणून तिथे मूळ रूप. ‘गेट डाउन टू’ म्हणजे कामाला भिडणे आणि ‘गेट अराउंड टू’ म्हणजे एखाद्या कामाला एकदाचा मुहूर्त लागणे, ही दोन्ही याच पडताळ्यात बसतात.

वहीतलं कानावर कसं येतं याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ‘टर्न इट ऑफ’ असे तीन शब्द कुणी तोडून बोलत नाही. ते ‘टर्निटॉफ’ असं एकसंध येतं. ‘पिक इट अप’चं ‘पिकिटप’, ‘पुट इट ऑन’चं ‘पुटिटॉन’. वाचताना ओळखणारा माणूस फोनवर ते ऐकून गडबडतो तो यामुळे. आघात शेपटावर असतो: ‘टर्निट’ हलकं, ‘ऑफ’ ठसठशीत. ‘लुक अ‍ॅट इट’मध्ये उलट, आघात ‘लुक’वर आणि ‘अ‍ॅट’ जवळजवळ गिळलेलं. पहिली ओळ म्हणताना आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढून ठेवावी.

आघाताचा हाच हिशेब आपण आधीच उसन्या घेतलेल्या शब्दांना लागू होतो, आणि ते शब्द मराठीत किती आहेत हे मोजायला बसलं तर नवल वाटतं: लॉकडाउन, बॅकअप, चेकअप, फॉलोअप, ब्रेकअप, सेटअप, पिकअप, टेकऑफ, वर्कआउट, लॉगिन. मराठीत आपण त्यांना नाम म्हणून घेतलं आणि मागे करणे, होणे, घेणे जोडलं. इंग्रजीतही ती नामंच. आघात पहिल्या तुकड्यावर, शब्द एक किंवा मधे छोटी रेघ. क्रियापद करताना तुकडे सुटे होतात आणि आघात मागे सरकतो. ‘लॉगिन टू द पोर्टल’ असं क्रियापद म्हणून जोडून लिहिणं चूक, तिथे ‘लॉग’ वेगळं, ‘इन’ वेगळं. ‘आय विल फॉलोअप हिम’ही नाही, माणूस असेल तर ‘फॉलो अप विथ हिम’. वही सुरू करताना पहिल्या दहा नोंदी या ओळखीच्या मंडळींच्या घ्याव्या, निम्मं काम आधीच झालेलं असतं. फक्त अर्थ गृहीत धरायचा नाही: मराठीतला मेकअप चेहऱ्याचा, पण ‘शी मेड अप अ स्टोरी’ म्हणजे तिने गोष्ट रचून सांगितली, आणि ‘दे मेड अप’ म्हणजे भांडणानंतर त्यांचं जुळलं.

या उसनवारीचा एक उलटा परिणामही होतो. ‘पंखा ऑफ कर’ मराठीत रुळलं, आणि तिथून इंग्रजीत ‘ऑफ द फॅन’ असं क्रियापदाशिवायचं वाक्य येतं. दुसऱ्या बाजूने ‘पंखा बंद कर’वरून ‘क्लोज द फॅन’. बंद करणे याची इंग्रजीत वाटणी झालेली आहे: उपकरण ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’, कॉम्प्युटर ‘शट डाउन’, आग किंवा सिगरेट ‘पुट आउट’, दार तेवढं ‘क्लोज’.

इतकं झाल्यावरही माणसं बोलताना फ्रेझल व्हर्ब टाळतात, हा सगळ्यांचा अनुभव. ‘पुट ऑफ’ वहीत आहे, पण तोंडात ‘पोस्टपोन’. डागुट आणि लाउफर यांनी १९८५ साली हिब्रू भाषिक विद्यार्थ्यांत हेच पाहिलं होतं. हिब्रूत अशी क्रियापदं नाहीत, म्हणून ते विद्यार्थी एकशब्दी पर्यायाकडे वळत. मराठी विद्यार्थ्याचं आणखी एक कारण आहे: शाळेच्या पुस्तकांतून त्याला ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’, ‘इन्व्हेस्टिगेट’ आधी भेटतात आणि ते भारदस्त वाटतात. मित्राशी बोलताना हे शब्द कसे लागतात, ते मराठी उलटं करून बघितलं की कळतं. ‘सिनेमा पुढे ढकलू’ याऐवजी ‘चित्रपटदर्शन तहकूब करू’ म्हटल्यासारखं. तत्सम आणि ठेठ यांच्यातला हा फरक मराठी माणसाला उत्तम कळतो, फक्त इंग्रजीतही तो तसाच आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा सहकाऱ्याला ‘लेट्स पुट इट ऑफ’, आणि नोटिशीत ‘द मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड’. कायद्याच्या आणि कोर्टाच्या भाषेत मात्र काही फ्रेझल व्हर्ब्ज पूर्ण औपचारिक आहेत: हायकोर्ट खालचा आदेश ‘सेट असाइड’ करतं, घटनाबाह्य तरतूद ‘स्ट्राइक डाउन’ करतं. परक्यांना ही क्रियापदं जड जातात ही तक्रार जुनीच आहे; सॅम्युअल जॉन्सननेही १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत ती नोंदवून ठेवली आहे.

राहिला भारतीय इंग्रजीचा प्रश्न. खडकवासल्याच्या एनडीएत ‘पासिंग आउट परेड’ होते, तो शब्द लष्करी आहे आणि ब्रिटिशांकडेही तसाच चालतो. तिथून आपण ‘आय पास्ड आउट इन २०१५’ म्हणजे पदवी मिळाली असं म्हणायला लागलो. देशात कुणाला खटकत नाही, पण अमेरिकेतल्या मुलाखतीत ऐकणाऱ्याला तुम्ही त्या साली बेशुद्ध पडलात असं वाटतं. बायोडेटा बाहेर जाणार असेल तर ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं. सरकारी कचेरीत फाइल ‘पुट अप’ करणे म्हणजे वरिष्ठांपुढे सादर करणे. कचेरीच्या आत हाच शब्द बरोबर, बाहेर ‘सबमिट’. ‘हायकोर्ट पुल्स अप म्युनिसिपल कॉर्पोरेशन’ अशा मथळ्यातलं ‘पुल अप’ म्हणजे कानउघाडणी. आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ते सतत असतं, म्हणून वाचण्यापुरतं माहीत हवं. ‘कोप अप विथ’ मात्र कुठेच बरोबर नाही. ‘कॅच अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ यांच्या संगतीने तिथे ‘अप’ शिरलं आहे. ‘कोप विथ’ एवढंच. ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिव्हर्ट बॅक’मधलं ‘बॅक’ही खोडावं. यांच्यासाठी वहीच्या शेवटून उलटी पानं राखून ठेवावीत: डावीकडे इथे चालतं ते, उजवीकडे बाहेर पाठवायचं ते. ती पानं फार भरत नाहीत, पण ईमेल पाठवण्याआधी सगळ्यांत जास्त उघडली जातात तीच.